घरचीं रताळीं

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मंडईंत रताळ्यांचे तांबडे-पांढरे ढीग दिसूं लागतात. गृहिणी जातां जातां किलोभर रताळीं पिशवींत टाकते, महाशिवरात्रीच्या उपवासाला त्यांतलीं चार-पांच उकडते, आणि उरलेलीं टोपलीच्या तळाशीं पडून राहतात. पंधरा दिवसांनीं त्यांना कोंब फुटतात किंवा तीं सुरकुततात, आणि मग केरांत जातात. शहरांतल्या सुशिक्षित घरांचा रताळ्याशीं येणारा संबंध बहुधा एवढाच. बटाट्यावांचून ज्या स्वयंपाकघराचें एक दिवस चालत नाहीं, तेथें रताळ्याला वर्षांतून पांच-सात दिवसच प्रवेश. आणि तोहि देवाच्या नांवानें!

या उपेक्षेची सुरुवात नांवापासूनच झालेली आहे. ‘बटाटा’ हा शब्द मूळचा रताळ्याचा. वेस्ट इंडीज बेटांतले मूळ रहिवासी या गोड कंदाला त्याच नांवानें ओळखीत. कोलंबसाच्या सफरींनंतर कंद आणि नांव हीं दोन्हीं स्पेन-पोर्तुगालांत आलीं, आणि पोर्तुगीजांनीं तीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरविलीं. मागाहून अँडीज पर्वतांतला दुसरा एक कंद आला. तो वांग्या-टोमॅटोच्या कुळांतला, रताळें गणेशवेलीच्या कुळांतलें. दोघांचा सोयरसंबंध कांहीं नाहीं. परंतु नांव मात्र त्या दुसऱ्यानें बळकाविलें, आणि मूळ मालकाला ‘रक्तालु’ या संस्कृत शब्दाच्या वळचणीला जाऊन राहावें लागलें. तो शब्दहि खरें पाहतां तांबड्या कोनफळाचा. उपवासाच्या ताटांत तर ही गंमत आणखीच वाढते. रताळें, बटाटा, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिकेचे पाहुणे. जुन्यांपैकीं म्हणावींत अशीं वरई, तूप आणि ताक. एकादशीला धान्य वर्ज्य आणि परदेशी कंद मात्र चालतो, याचा उलगडा शास्त्री-पंडितांनीं करावा. घरोघरच्या आजीबाईंनीं तो केव्हांच करून टाकला आहे.

हें रताळें घरच्या माणसांच्या हातांनीं जमिनींतून कसें निघतें, हें पाहावयाचें तर पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोंकाला, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत जावें. सह्याद्री ओलांडून येथवर पोंचणारे ढग वाटेंतच रिकामे झालेले असतात. वर्षाकांठीं वीस-बावीस इंच पाऊस झाला तर तें वर्ष बरें म्हणावयाचें. कऱ्हेकांठची बारामती मोरोपंतांमुळें सुशिक्षितांच्या ओळखीची, आणि इंदापूर तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरील मुक्काम म्हणून वारकऱ्यांच्या. इंदापूरची आणखी एक ओळख महसूल खात्याच्या इतिहासांत आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं जमीन-मोजणीची व साऱ्याची नवी पद्धत १८३६ च्या सुमारास प्रथम याच तालुक्यांत अमलांत आणिली, कारण सारा देतां न आल्यामुळें येथील कितीतरी जमीन ओसाड पडली होती. पुढें १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला, आणि त्याच्या खालच्या पट्ट्याचें दैव पालटलें. कालव्यामागून ऊंस आला. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांतच वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, पुढें सहकारी कारखाने आले. १९८० सालीं भीमेवरचें उजनीचें धरण पुरें झालें आणि इंदापूरच्या उत्तरेकडील गांवांच्या दाराशीं पाणी आलें. पाण्याबरोबर ऊंस येतो, आणि ऊंस आला कीं तो दुसऱ्या कोणाला फारशी जागा ठेवीत नाहीं.

रताळें हें या उसाच्या मुलखांतलें नांवाजलेलें पीक नव्हे. पुण्याच्या बाजारांत शिवरात्रीला येणारा मोठा माल करमाळ्याकडून, म्हणजे उजनीच्या जलाशयापलीकडून, आणि कर्नाटकाकडून येतो. बारामती-इंदापुरांत रताळें टिकून आहे तें बहुधा विहिरीशेजारच्या एखाद्या तुकड्यांत, पाटाच्या कडेला, घरापुरतें. असें एक घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. नीरा डाव्या कालव्याच्या एका चारीवर सहा एकरांची जमीन आहे. थोरला मुलगा शेती पाहतो; धाकटा पुण्यास नोकरीला; मुलगी बारामतींत दिलेली; आणि घरांत पंचाहत्तरीकडे झुकलेली त्यांची आई, जिला सगळें घर आतां नातवंडांच्या तोंडानें ‘आजी’ म्हणतें. चार एकर ऊंस, थोडा गहूं, जनावरांपुरता घांस-मका, आणि विहिरीच्या उगवतीला पांच गुंठ्यांचा एक हलका, वाळूमिश्रित तुकडा. त्या तुकड्यांत दर वर्षीं दसरा झाला कीं रताळ्याचे वेल लागतात, आणि शिवरात्रीच्या आधींच्या रविवारीं सगळें घर काढणीला जमतें.

यंदा मात्र थोरल्यानें आधींच सांगून टाकलें होतें, कीं ही शेवटची काढणी. सुरू उसाची लागण लांबलेली. त्या पांच गुंठ्यांपायीं शेजारच्या उसाच्या सऱ्या मध्येंच तुटतात, ठिबकाची नळी वळवून न्यावी लागते, आणि एवढें करून निघालेलीं अर्धीं रताळीं पाहुण्या-शेजाऱ्यांत वांटलीं जातात. उरलेलीं बारामतीच्या बाजारांत न्यावीं तों शिवरात्रीच्या आवकेनें भाव उतरलेला असतो. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. ज्याला उसाच्या पैशावर घर चालवावयाचें आणि मुलांच्या फिया भरावयाच्या, त्यानें गुंठ्या-गुंठ्याचा हिशेब करूं नये, असें शहरांत बसून म्हणणें सोपें आहे. आजीनें उलट हिशेब मांडला नाहीं. “काढणी तर होऊं दे,” एवढेंच ती म्हणाली.

काढणीची तयारी आठ-दहा दिवस आधींपासून चालते. रताळें तयार झालें हें प्रथम पानें सांगतात; तीं पिवळीं पडूं लागतात आणि बुडाकडचीं गळतात. परंतु एकट्या पानांवर विसंबून चालत नाहीं. चार महिने भरत आले, म्हणजे एखादें मधलें रताळें उकरून त्याचे विळ्यानें दोन तुकडे करावे आणि कापलेली बाजू वाऱ्यावर धरावी. वर आलेला चीक पांढराच राहून सुकला, तर रताळें पक्व झालें; काळवंडला, तर आणखी कांहीं दिवस थांबावें. ही परीक्षा पुस्तकांतहि दिलेली आहे आणि आजीलाहि ठाऊक आहे. तिला ती पुस्तकांतून कळलेली नाहीं इतकेंच. त्यानंतर तुकड्याला एक हलकें पाणी देतात आणि जमीन वाफशाला येईतों थांबतात. चिखलांत कुदळ मारली तर माती कंदाला चिकटून बसते. कोरड्या ढेकळांत मारली तर कंद तुटतो.

रविवारीं उजाडतां उजाडतां पुण्याची मंडळी येऊन पोंचली, बारामतीहून आत्या आली, आणि चहा होतांच सगळे विहिरीकडे निघाले. विळा लागण्यापूर्वीं आजी एकटीच तुकड्यांत फिरली. ज्या वेलाच्या बुडाशीं वरंबा फुगून भेगाळला होता, ज्याचीं पानें स्वच्छ आणि शेंडा जोमदार होता, असे वीस-पंचवीस वेल तिनें निवडले, त्यांचे शेंडे आपल्या हातानें खुडले, आणि ओल्या बारदानांत गुंडाळून पेरूच्या सावलींत ठेवले. मग तिनें हात केला, आणि थोरल्यानें व त्याच्या बायकोनें वेल कापावयास सुरुवात केली. कापलेला वेल वाया जात नाहीं. दुभत्या जनावरांना तो फार आवडतो, आणि त्या दिवशीं गोठ्यांत माणसांच्या आधीं सण साजरा होतो.

वेल निघाला कीं उघडा वरंबा दिसतो आणि खुंटाची गांठ वर राहते. कुदळ मारावयाची ती या गांठीवर नव्हे, तर हातभर अंतरावरून, वरंब्याच्या कुशींत. मग दांडा खालीं दाबून सगळी माती उचलावयाची. माती भुसभुशीत होऊन वर आली कीं पुढचें काम हातांचें. बोटें मातींत घालून एक एक रताळें चांचपडत सोडवावें लागतें. एका खुंटाला कधीं तीन, कधीं पांच. एखादें मुठीएवढें, एखादें बोटाएवढें, आणि एखादें वाकडें होऊन दुसऱ्याच्या गळ्यांत पडलेलें. ओल्या मातींतून नुकत्याच निघालेल्या रताळ्याचा तांबडा रंग मंडईंत कधींच दिसत नाहीं. तासाभरांत तो उतरतो.

पुण्याच्या नातवाला कुदळ हातीं हवी होती. पहिल्याच घावाला त्यानें एका चांगल्या रताळ्याचे दोन तुकडे केले आणि तो ओशाळून उभा राहिला. “लांबनं मार रं बाळा, बुडावर नको. आत लेकरं हाईत त्याची,” आजी म्हणाली. आत्यानें ते तुकडे उचलून वेगळ्या पाटींत टाकले. कापलेलें, खरचटलेलें रताळें टिकत नाहीं. तें त्याच दिवशीं चुलीवर जावयाचें असतें. म्हणून काढणीच्या दिवशीं घरांत जेवावयास जें रताळें मिळतें, तें बहुधा मुलांच्या चुकांचें असतें, आणि मुलें तें अधिक चवीनें खातात. पाटींत रताळीं फेंकावयाचीं नाहींत, ठेवावयाचीं. त्यांची साल इतकी पातळ कीं नखानेंहि निघते. पुण्याच्या सुनेनें पहिली पाटी भरून आणली तेव्हां थोरल्या जावेनें ती खालीं उतरवून घेतली, आणि “अंडीं समजून ठेवा, म्हणजे झालं,” असें हंसून सांगितलें.

मधल्या दोन सऱ्यांत मात्र हिरमोड झाला. वरून धडधाकट दिसणारीं रताळीं हातांत घेतांच हलकीं लागलीं. कापून पाहतां आंत काळे बोगदे आणि कडवट वास. हा सोंड्या भुंग्याचा प्रताप. मुंगीसारखा दिसणारा, निळसर काळा, तांबड्या मानेचा हा किडा रताळ्याचा जगभरचा वैरी आहे. कंद पोसूं लागले कीं जमीन भेगाळते. त्या भेगांतून तो आंत उतरतो आणि अंडीं घालतो. म्हणून लागणीनंतर दोन-अडीच महिन्यांच्या आंत वरंब्याला मातीची भर द्यावी लागते आणि पाण्याची पाळी फार लांबूं देऊन चालत नाहीं. यंदा पौषांत एक पाळी चुकली होती, आणि तिचा दंड या दोन सऱ्यांनीं भरला. किडकें रताळें कडू लागतें तें किड्यामुळें नव्हे. किड्याशीं झगडतांना कंद स्वतःच कडू द्रव्यें तयार करतो. तें शिजवूनहि गोड होत नाहीं, म्हणून खाऊं नये. आणि कुजकीं, बुरशी धरलेलीं रताळीं तर जनावरांनाहि घालूं नयेत. त्यांनीं गाई-बैलांना श्वासाचा विकार होऊन तीं दगावल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांना ठाऊक आहेत. वेल घालावा, सडका कंद पुरून टाकावा.

उन्हें कलतीं होईतों बारा पोतीं भरलीं. तीं पडवींत आणून तरटावर पसरलीं, आणि वरून कोरडा पाला व बारदानें घातलीं. धुतलीं नाहींत. येथें शहरांतल्या गृहिणीला दोन गोष्टी सांगावयास हव्यात. नुकतें काढलेलें रताळें फारसें गोड नसतें. पांच-सात दिवस उबदार, थोड्या दमट जागीं झांकून ठेवलें कीं त्याच्या सालीवरच्या जखमा भरून येतात, नवी साल धरते, आणि आंतल्या पिष्टाची थोडी थोडी साखर होऊं लागते. असें मुरलेलें रताळें पुढें कित्येक आठवडे टिकतें. दुसरी गोष्ट, रताळें शीतपेटींत ठेवूं नये. बारा-तेरा अंशांखालची थंडी त्याला सोसत नाहीं. आंतला गाभा असा दगडावतो कीं कितीहि शिजविलें तरी मऊ होत नाहीं. हवेशीर टोपली आणि अंधारा कोपरा त्याला पुरे.

संध्याकाळीं अंगणांतल्या चुलीचा जाळ ओढून घेतला आणि आरावरच्या गरम राखेंत मुलांच्या चुकांचीं रताळीं पुरलीं. पाऊण तास कोणी त्यांना हात लावावयाचा नाहीं, असा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला चटका बसतोच. राखेंतल्या रताळ्याला जी गोडी येते ती उकडलेल्याला येत नाहीं, याचें कारण रसायनशास्त्रांत आहे. रताळ्यांत ‘अमायलेझ’ नांवाचें एक विकर असतें. सुमारें ६० ते ७५ अंश उष्णता असेपर्यंत तें पिष्टाचें ‘माल्टोज’ नांवाच्या साखरेंत रूपांतर करीत राहतें. त्याहून फार तापलें कीं तें निकामी होतें. राखेंत रताळें हळूहळू तापतें, म्हणून त्या विकराला काम करावयास अवधि मिळतो. प्रेशर कुकरमध्यें तें दहा मिनिटांत शिजतें आणि विकराला श्वास घ्यावयासहि वेळ मिळत नाहीं. ज्यांच्या घरीं चूल नाहीं, त्यांनीं जाड बुडाच्या कढईंत रताळीं कोरडींच ठेवावीं, घट्ट झांकण घालावें आणि मंद आंचेवर मधून मधून फिरवीत तासभर धीर धरावा. सालीला कोठें कोठें काळसर, चिकट मध सुटलेला दिसला कीं झालें.

त्या रात्रीं चुलीपुढें तीन स्त्रियांच्या तीन पद्धती एकत्र आल्या. आत्यानें कीस केला. रताळीं सोलून किसलीं कीं हवेनें काळीं पडतात, म्हणून तिनें किसणीखालीं पाण्याचें पातेलें धरलें, आणि कीस हलक्या हातानें पिळून घेतला. जोरानें पिळला तर गोडी पाण्याबरोबर जाते. तुपांत जिरें तडतडलें, हिरवी मिरची पडली, मग कीस, आणि झांकण. पाणी घालावयाचें नाहीं, वाफेवर होतो तेवढाच. उतरतांना शेंगदाण्याचें कूट, मीठ, लिंबू. पुण्याच्या सुनेनें गोड काप केले: बोटभर जाडीच्या चकत्या तुपांत पसरून दोन्ही बाजूंनीं गुलाबी केल्या, झांकून मऊ होऊं दिल्या, आणि मगच साखर व वेलदोडा घातला. “आधीं साखर घातलीत तर काप चिवट होतात हं, वन्सं,” तिनें सांगितलें. आत्याचें म्हणणें, साखर कशाला, गूळ घाला; उसाच्या गांवांत येऊन दुकानची साखर खावयाची काय? हा वाद सुटला नाहीं, आणि दोन्ही प्रकार केले गेले. थोरल्या सुनेनें घाऱ्या तळल्या; उकडलेलें रताळें कुसकरून त्यांत गूळ विरघळविला, आणि मावेल तेवढीच कणीक घातली. घाऱ्या अर्थात् उपवासाच्या नव्हेत. तो दिवस उपवासाचा नव्हताच.

जेवतांना धाकट्यानें विचारलें, कीं पुण्यांत आतां नारिंगी गराचीं रताळीं मिळूं लागलीं आहेत, तीं लावलीं तर? प्रश्न रास्त होता. पांढऱ्या गराच्या रताळ्यांत जीवनसत्त्व ‘अ’ देणारें कॅरोटिन फारच थोडें. नारिंगींत तें भरपूर असतें, आणि आफ्रिकेंतल्या मुलांची दृष्टि वांचविण्याच्या कामीं अशा जातींचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळालेला आहे. आपल्याकडे १९६३ सालापासून तिरुअनंतपुरम् येथें कंदपिकांची मध्यवर्ती संशोधन संस्था आहे, आणि तिनेंहि अशा जाती काढलेल्या आहेत. थोरल्यानें मात्र तोंडांतला घांस गिळून सांगितलें, “तुकडाच राहायचा नाही, तर नारिंगी काय आणि पांढरं काय?” त्यावर थोडा वेळ कोणी बोललें नाहीं.

तेव्हां आजीनें ओलें बारदान पुढें ओढलें.

रताळ्याचें बियाणें जोंधळ्यासारखें कणगींत भरून ठेवतां येत नाहीं. येथील हवेंत त्याला फूल आलें तरी बीं धरेलच असें नाहीं, आणि बियांपासून उगवलेला वेल आईसारखा निघत नाहीं. कंद पुरून कोंब काढतां येतात हें खरें; पण वैशाखाच्या झळांत साठविलेला कंद एक तर सुकतो, नाहीं तर भुंग्याच्या तोंडीं जातो. म्हणून वेलाचाच तुकडा लावावयाचा, त्याचा वेल वाढवावयाचा, आणि त्याचा तुकडा पुन्हां लावावयाचा. दोन लागणींच्या मधल्या उन्हाळ्यांत तो वेल कोणीतरी कोठेंतरी जिवंत ठेवलेला असला पाहिजे. एक उन्हाळा दुर्लक्ष झालें कीं ती जात त्या घरांतून कायमची गेली. या घरांत हें काम न्हाणीच्या मोरीपाशीं होतें. तेथें सांडपाण्यावर हातभर जागेंत वेल पसरलेला असतो, पावसाळ्यांत त्याचा विस्तार होतो, आणि दसऱ्याला त्याच्या वीत-दीड वीत लांबीच्या फांट्या तुकड्यांत जातात.

हा वेल आजीच्या माहेरचा. तें माहेर भीमेच्या कांठीं, करमाळा तालुक्यांत होतें. लग्नानंतर पहिल्या दिवाळीहून परततांना तिनें तो ओल्या फडक्यांत आणला. पुढच्याच वर्षीं, १९७२ सालीं, मोठा दुष्काळ पडला. विहीर आटली, तुकडा पांढरा पडला, सासरे आणि नवरा खडी फोडावयास गेले. भांडीं घांसलेलें पाणी आधीं म्हशीला, उरलेलें वेलाला, असा त्या वर्षाचा क्रम होता, आणि सहा वेल जगले. पुढें उजनीचें पाणी चढलें तेव्हां माहेरचें शेत जलाशयांत गेलें. भाऊ दुसरीकडे उठून गेले, तेथें काळी चिकण जमीन होती, आणि त्यांच्याकडचा वेल मोडला. दोन-तीन वर्षांनीं भाऊबीजेला आलेला भाऊ याच मोरीपाशीं बसून, याच वेलाच्या फांट्या मोजून घेऊन गेला होता. हें सगळें आजीनें त्या रात्रीं सांगितलें नाहीं. घरच्या मोठ्यांना तें ठाऊक होतें, आणि लहानांनीं फक्त एवढेंच विचारलें, कीं पाण्याखालीं गेलेलें शेत अजून तेथें आहे काय.

वेलाचा प्रवास असाच होत आलेला आहे. चीनमध्यें अशी कथा सांगतात, कीं १५९३ सालीं चेन झेनलुंग नांवाच्या व्यापाऱ्यानें लुझॉन बेटावरून रताळ्याचे वेल दोरखंडांत गुंडाळून, लपवून फुकिएन प्रांतांत आणले, कारण तेथील स्पॅनिश अधिकारी ते बाहेर नेऊं देत नसत. दुसऱ्याच वर्षीं त्या प्रांतांत दुष्काळ पडला, आणि तेथील सुभेदारानें रताळ्याची लागवड करविली. जपानांत १७३२ च्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो या विद्वानानें १७३५ सालीं एदो शहरांत रताळीं लावून दाखविलीं. लोक त्याला प्रेमानें रताळें-गुरुजी म्हणत. भाताचें पीक बुडालें तरी जमिनीखालचा हा कंद तग धरतो, हें त्या लोकांनीं उपासमारींत शिकून घेतलें.

आजीनें शेंडे एकेक करून सरळ केले. प्रत्येकाला तीन-चार डोळे ठेवून खालचीं पानें काढलीं, शेंड्याचीं दोन राखलीं, आणि तीन जुड्या बांधल्या. एक आत्याची. तिच्या परसांत जागा आहे. दुसरी पुण्याच्या नातीनें मागून घेतली. सदनिकेच्या सज्ज्यांत वेल येईल काय, असें तिनें विचारलें. येईल, पण पसरट, दीड फूट तरी रुंद कुंडी हवी, माती वाळूमिश्रित हवी, आणि खत बेताचें. खत आणि पाणी अधिक झालें कीं नुसता पाला माजतो आणि खालीं बोटाएवढ्या मुळ्या राहतात. दोन डोळे मातींत, दोन वर; तिसऱ्या-चौथ्या दिवशीं आंबवणीचें पाणी; आणि महिना-दीड महिन्यानंतर वेल अधून मधून उचलून परतवावयाचा, नाहीं तर तो प्रत्येक पेरापाशीं मुळें सोडतो आणि कंद पोसत नाहींत. कोंवळ्या पानांची भाजी होते. कंद किती येतील, हें आजीनें सांगितलें नाहीं. “वेल मरूं देऊं नको,” एवढें सांगितलें. नातीनें जुडी ओल्या फडक्यांत बांधली आणि एस्टींत ती मांडीवर धरून पुण्यास नेली.

तिसरी जुडी आजीनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाणीच्या मोरीपाशीं लावली.

बुधवारीं त्या तुकड्यांत नांगर फिरला, सऱ्या पडल्या, आणि विहिरीपासून बांधापर्यंत ठिबकाची नळी सरळ गेली. आठवड्याच्या अखेरीस उसाचीं टिपरीं लागलीं. नळीचा दहा-पंधरा हातांचा एक तुकडा उरला होता. थोरल्यानें तो न्हाणीच्या भिंतीकडे वळविला, त्याला चार भोंकें पाडलीं, आणि आई घरांतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येण्यापूर्वीं चावी सोडली.